टॅलेंटचं राहू द्या, टायरचं बोला

समृद्धी महामार्ग आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून जातो. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा हा त्याचा पट्टा. रस्ता सुरू झाल्यावर टायर फुटून इतके अपघात झाले, की २०२३ मध्ये आरटीओनं या रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. घासून गुळगुळीत झालेला टायर दिसला की गाडी माघारी. कायदाही तसाच आहे. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल चालत नाही.

मोटार शर्यतीत उलटं आहे. तिथे गुळगुळीत टायर मुद्दाम विकत घ्यावा लागतो, आणि तो नव्या नक्षीदार टायरपेक्षा कितीतरी महाग असतो. त्याला ‘स्लिक’ म्हणतात. नक्षी नसल्यामुळे त्याचं जास्त रबर रस्त्याला टेकतं, रबर मऊ असतं, पकड जबरदस्त मिळते. आणि तो फार लवकर मरतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. भारतात नवशिक्या आणि हौशी पोरांसाठी ज्या फॉर्म्युला स्पर्धा आहेत, विशेषतः इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या, तिथे स्लिक टायर बंद करा. तालुक्याच्या दुकानात मिळणारा साधा टायर सक्तीचा करा. एका हंगामाला किती टायर वापरायचे याची मर्यादा घाला. आणि प्रत्येक संघाचा वर्षभराचा खर्च जाहीर करा. हे होत नाही तोवर या स्पर्धांत ‘टॅलेंट’ हा शब्द वापरू नका. कारण तिथे आधी पाकीट मोजलं जातं, टॅलेंट त्यानंतर.

गाडी घेणं वेगळं, पळवणं वेगळं

ज्यांना हे जग नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ज्या रेसिंग गाडीची चाकं बॉडीच्या बाहेर उघडी असतात, ती ओपन-व्हील गाडी. एफ१ हे त्याचं शिखर. पायथ्याशी छोट्या इंजिनाच्या, हौशी लोकांच्या गाड्या असतात. आपल्याकडे पायथ्याला दोन दारं आहेत. एक, फॉर्म्युला एलजीबीसारख्या शर्यती, ज्यात मारुती स्विफ्टचं १३०० सीसीचं इंजिन असतं. दुसरं, फॉर्म्युला भारत आणि सुप्रा एसएई इंडिया या विद्यार्थ्यांच्या स्पर्धा. त्यात कॉलेजचा संघ स्वतः गाडी डिझाइन करतो, बनवतो आणि चालवतो. शेगाव, चिखली, मलकापूर, बुलढाणा अशा ठिकाणी शिकणाऱ्या पोराला पहिलं दार दिसतही नाही. दिसतं ते दुसरं.

मी अशाच एका कॉलेजच्या संघात दोन वर्षं खजिनदार होतो. म्हणून मला इंजिनापेक्षा वहीतलं जास्त कळतं, आणि मी वहीतलंच बोलणार आहे.

लोक विचारतात, ‘गाडी बनवायला किती लागले?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. गाडी एकदाच बनते. पोरं रात्र-रात्र वेल्डिंग करतात, कुणाच्या तरी काकांच्या वर्कशॉपमध्ये लेथ फुकट मिळतो, भंगारातून बाइकचं इंजिन येतं. यात घाम घालून पैसे वाचवता येतात. पण गाडी चालायला लागली की जो खर्च सुरू होतो, तिथे घाम चालत नाही. पेट्रोल, ब्रेक पॅड, चेन, नोंदणी फी, कोईम्बतूरपर्यंत टेम्पो, बारा-पंधरा पोरांचं राहणं-खाणं. आणि टायर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विदर्भात शंकरपट आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. बैलांच्या हालांचा प्रश्न त्या वादात होता आणि तो खरा आहे; तो विषय इथे नाही. मी एवढंच म्हणतो, की पटावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, जोडी किती रुपयांची यापेक्षा जोडीचा वर्षाचा खुराक किती, हेच तो आधी सांगेल. बैल एकदा घेतला जातो, खायला रोज लागतं. बैलजोडीवाल्याला जे कळतं ते इंजिनिअरिंग स्पर्धेच्या नियमपुस्तिकेला कळत नाही, हीच माझी तक्रार आहे.

रबर कसं पैसे खातं

टायरच का धरून बसलो, ते सांगतो. रेसिंग टायरचं रबर तापलं की चिकट होतं, आणि थंड झालं की थोडं कडक होतं. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा, दर वेळी ते आणखी थोडं कडक. याला ‘हीट सायकल’ म्हणतात. म्हणजे टायर बाहेरून झिजलेला दिसत नसला तरी आतून म्हातारा झालेला असतो. कोऱ्या टायरवरची सुरुवातीची वेळ आणि चार-पाचदा तापलेल्या टायरवरची वेळ यात फरक पडतो. तो सेकंदाच्या काही भागांचा असेल, पण शर्यतीचा निकाल त्याच काही भागांत लागतो.

आता दोन संघ समजा. गाड्या सारख्या, पोरं सारखी हुशार. पहिला संघ सरावाला एक संच जाळतो, वेळ नोंदवायला दुसरा कोरा संच लावतो, आणि मोठ्या शर्यतीला तिसरा. दुसऱ्या संघाकडे एकच संच. तो सरावाला वापरला तर स्पर्धेला मेलेला टायर. सरावाला नाही वापरला तर चालवणाऱ्याला त्या टायरची सवयच नाही. कुठूनही हरणार.

आमच्या संघानं दुसरा मार्ग निवडला, नव्हे, निवडावा लागला. परदेशी बनावटीचे टायर आले, ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून होस्टेलच्या खोलीत पलंगाखाली ठेवले, कारण ऊन आणि हवा लागली तरी रबर कडक होतं. सराव आदल्या बॅचनं ठेवलेल्या, दगड झालेल्या टायरवर. त्यावर गाडी ज्या वेगाला घसरायची, त्याच वेगाला ती नव्या टायरवर घसरणार नव्हती. म्हणजे आमचा ड्रायव्हर वर्षभर एक गाडी शिकला आणि स्पर्धेत दुसरीच गाडी चालवायला बसला. कॉलेजच्या आवारात रात्री दिव्याखाली शंकू लावून केलेल्या सरावाचा अर्धा उपयोग तिथेच संपला. यात आमच्या ड्रायव्हरचं टॅलेंट कुठे मोजलं गेलं, कुणी सांगेल का?

नियमातली एक ओळ

आता नियम बघा. फॉर्म्युला स्टुडंटची मुळं अमेरिकेतल्या फॉर्म्युला एसएईत आहेत, ती १९८१ पासूनची स्पर्धा. तिच्या नियमपुस्तिकेत कोरड्या ट्रॅकच्या टायरबद्दल जे लिहिलंय त्याचा अर्थ असा: कुठल्याही आकाराचा, कुठल्याही प्रकारचा, स्लिक किंवा नक्षीदार, चालेल.

‘कुठल्याही.’ किती उदार शब्द आहे! सगळ्यांना सारखं स्वातंत्र्य. फक्त ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच ते वापरता येतं.

कुणी म्हणेल, नियमांचा स्वभावच मोकळा आहे, विद्यार्थ्यांची कल्पकता मारायची नसते. खोटं. हेच पुस्तक इंजिनाला ७१० सीसीची मर्यादा घालतं. पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका छिद्रातून गेली पाहिजे असं सांगतं, म्हणजे ताकद आपोआप बांधली जाते. टायर गरम करायची ब्लँकेटं वापरायची नाहीत, पकड वाढवायला टायरला काही चोपडायचं नाही, हेही सांगतं. म्हणजे टायरवर पैसा आणि चलाखी खर्च होते हे नियम करणाऱ्यांना नीट माहीत आहे. दार कुठून उघडतं ते माहीत असून त्यांनी खिडक्या तेवढ्या लावल्या.

त्या २० मिलिमीटरच्या छिद्रानं कल्पकता मेली का? उलट, त्यातून जास्तीत जास्त हवा कशी ओढायची यावर जगभरच्या पोरांनी डोकी लढवली. बंधन हाच तर इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम आहे. टायरच्या बाबतीतच बंधनाला कल्पकतेचा शत्रू का म्हणायचं?

घरचंच दुसरं उदाहरण. इंदूरजवळ पिथमपूरला २००७ पासून बाहा एसएई इंडिया सुरू झाली. बुलढाण्याहून साधारण तीनशे किलोमीटर. तिथे खडकाळ रस्त्यावरच्या गाड्यांना वर्षानुवर्षं एकाच कंपनीचं, एकाच ताकदीचं, १० हॉर्सपॉवरचं इंजिन सगळ्यांना सक्तीचं होतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं. आयआयटी असो की तालुक्याचं कॉलेज, इंजिन तेच. कुणी ओरडलं नाही की आमची कल्पकता मेली. इंजिन एक करता येतं तर टायर एक करायला काय अडचण आहे?

आणि आता सगळ्यात मोठी गंमत. या स्पर्धेत गाडीच्या खर्चाची वेगळी परीक्षा असते. एकूण १००० गुणांपैकी साधारण १०० गुण तिला. प्रत्येक नटबोल्टची किंमत, प्रत्येक कापणीचा, वेल्डचा हिशेब लिहून द्यायचा, परीक्षकांपुढे उलटतपासणी द्यायची. मी ते काम केलंय आणि त्यातून शिकलोही. पण त्या हिशेबात काय धरतात? एक गाडी बनवायचा खर्च. सरावात जाळलेले टायर धरत नाहीत. चाचण्यांचं पेट्रोल धरत नाहीत. टेम्पोचं भाडं धरत नाहीत. म्हणजे ज्या खर्चावर निकाल ठरतो तोच खर्च कागदावर येत नाही. बारीकसारीक नटबोल्टचा हिशेब मागणारे परीक्षक टायरच्या तिसऱ्या संचाबद्दल एक शब्द विचारत नाहीत.

मूळ कल्पना आठवा. फॉर्म्युला एसएईची सुरुवातीची गोष्ट अशी होती, की एका कंपनीला सुट्टीच्या दिवशी हौसेनं गाडी पळवणाऱ्या, व्यावसायिक नसलेल्या माणसाला विकायला गाडी हवी आहे, ती तुम्ही डिझाइन करा. ठीक. हा हौशी माणूस भारतात राहतो असं समजा. खामगावला राहतो असं समजा. त्याच्या गाडीचा टायर संपला तर तो कुठे जाईल? त्याच्या गावातल्या टायरच्या दुकानात जो टायर मिळत नाही, तो त्याच्या गाडीला लावणारा डिझायनर नापास व्हायला पाहिजे. आपण त्याला जास्त गुण देतो.

हे आधी झालेलं आहे

मी काही नवीन शोध लावलेला नाही. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये फॉर्म्युला फोर्ड सुरू झालं. पहिली शर्यत २ जुलै १९६७, ब्रँड्स हॅच. त्यामागचं कारण शुद्ध वैतागाचं होतं. ड्रायव्हिंग शाळेच्या गाड्यांची रेसिंग इंजिनं आणि रेसिंग टायर पैसे खात होते. मग त्यांनी साध्या फोर्ड मोटारीचं इंजिन घेतलं आणि रस्त्यावरचे टायर लावले. गाडीची किंमत १००० पौंडांत बसवायची असं ठरलं. पंख नाहीत, स्लिक नाहीत.

यातून काय निघालं? १९८१ मध्ये ब्राझीलहून आलेल्या आयर्टन सेनानं याच वर्गात विजेतेपदं मिळवली. १९९८ मध्ये जेन्सन बटननं ब्रिटिश फॉर्म्युला फोर्ड जिंकलं. पुढे दोघं एफ१ चे जगज्जेते झाले. कमी पकडीचा टायर गाडी घसरवतो, आणि घसरणारी गाडी हातात ठेवायला शिकवतो. जास्त पकडीचा टायर चुका झाकतो. शिकायच्या वयात कुठला बरा?

त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, अमेरिकेत फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांवर फॉर्म्युला व्ही या वर्गाला मान्यता मिळाली. तत्त्व तेच. जे गल्लीत मिळतं त्यावर पळा. आजही अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉसच्या ‘स्ट्रीट’ वर्गात टायरच्या टिकाऊपणाचा आकडा २०० च्या खाली चालत नाही. कारण तोच: मऊ टायर आणला की पुढच्याला त्याहून मऊ आणावा लागतो.

आपल्याकडेही हे झालं. कोईम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या. देशातल्या घराघरांत पोचलेल्या गाडीच्या इंजिनावर रेसिंग. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. कोईम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्या नावानं आहे. नारायण कार्तिकेयनची सुरुवात याच फॉर्म्युला मारुतीत झाली.

आणि नारायणवरून टायरचीच एक गोष्ट. एफ१ मध्ये भारतीय ड्रायव्हरनं मिळवलेले गुण आजवर एकाच शर्यतीतले आहेत. १९ जून २००५, इंडियानापोलिस. त्या आठवड्यात मिशलिनचे टायर तिथल्या तिरक्या वळणावर टिकत नव्हते. मिशलिनवाल्या संघांच्या १४ गाड्या सुरुवात होण्याआधीच पिटमध्ये परतल्या. ब्रिजस्टोन टायर असलेल्या ६ गाड्या धावल्या आणि जॉर्डन संघाचा नारायण चौथा आला. त्याची मेहनत मी कमी लेखत नाही. तो तिथपर्यंत पोचला हेच अचाट आहे. पण भारताच्या एफ१ इतिहासातलं गुणांचं एकमेव पान टायरनं लिहिलेलं आहे, हे विसरून ‘शेवटी ड्रायव्हरच महत्त्वाचा’ असं मला कुणी सांगू नये.

एफ१ नंही यातून धडा घेतला. २००७ पासून तिथे सगळ्यांना एकाच कंपनीचे टायर आहेत. २०२१ पासून संघांच्या खर्चालाही कमाल मर्यादा आली, पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत संघांनी मान्य केलं, की खर्चाला कुंपण नसेल तर शर्यत उरत नाही. आणि बीई मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची पोरं कुंपणाशिवाय खेळतायत.

‘एकच कंपनी’ म्हणजे स्वस्त नव्हे

फॉर्म्युला एलजीबीची बाजूही मांडली पाहिजे. तिथे सगळ्यांना जेके टायरचेच टायर असतात, आणि ही गोष्ट चांगली आहे. कुणी परदेशातून जादूचा टायर आणू शकत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात घ्या. सगळ्यांना एकच टायर, हा समानतेचा नियम. तो टायर किती टिकतो, किती संच लावायचे आणि किंमत किती, हा खर्चाचा नियम. पहिला केला म्हणजे दुसरा आपोआप होत नाही. एकच विक्रेता असला की सगळे सारख्या भावानं लुटले जाण्याचीही सोय होते. म्हणून मी कंपनीचं नाव ठरवा म्हणत नाही, माप ठरवा म्हणतो. १२ किंवा १३ इंची चाक, बाजारातला नक्षीदार टायर, भारतात बनलेला. एमआरएफ घ्या, सीएट घ्या, जेके घ्या, अपोलो घ्या. छोट्या मोटारीचा असा टायर तीन-चार हजारांच्या आसपास मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

आक्षेप, एकेक करून

‘साधा टायर रेसिंगला धोक्याचा.’ विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत ट्रॅक शंकू लावून मुद्दाम वळणावळणाचा केलेला असतो. मोठ्या शर्यतीत सरासरी वेग ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या घरात राहील असाच तो आखतात. लांबी साधारण २२ किलोमीटर. ज्या टायरवर पाच माणसं, दिवाळीचं सामान आणि एसी असं सगळं घेऊन अख्खं कुटुंब समृद्धीवरून १२० नं नागपूर गाठतं, त्या टायरवर २५०-३०० किलोची गाडी शंकूंमधून जाऊ शकत नाही? पकड कमी असेल तर वळणावरचा वेग कमी होईल. वेग कमी होणं धोक्याचं कधीपासून झालं?

‘साध्या टायरचा डेटा नाही, मग सस्पेन्शन डिझाइन कसं करायचं?’ हा एकच आक्षेप मी मनापासून मानतो. परदेशी स्लिकचा डेटा मिळतो, कारण अमेरिकेतल्या बफेलोच्या कॅलस्पॅन प्रयोगशाळेत विद्यापीठांनी मिळून ते टायर तपासून घेतले, आणि फी भरणाऱ्या संघांना ते आकडे दिले जातात. कुठल्या कोनात किती बाजूचा जोर, किती भारावर किती, सगळं. पण याचं उत्तर स्लिक चालू ठेवणं नाही. आपल्याकडे पुण्याला एआरएआय आहे, पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, टायर कंपन्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत, सीएटचा तर नागपूरजवळ बुटीबोरीला कारखाना आहे. एक माप ठरवा, त्या मापाचे चार-पाच टायर एकदा तपासा, आकडे सगळ्या कॉलेजांना फुकट द्या. स्पर्धांना प्रायोजक म्हणून बॅनर लावणाऱ्या कंपन्यांनी बॅनरऐवजी हे द्यावं. तो डेटा पोरांना नोकरीतही उपयोगी पडेल, कारण त्या नोकरीत त्यांना भारतातल्या गाड्यांना भारतातलेच टायर लावायचे आहेत.

‘पैसेवाले संघ दुसरीकडे खर्च करतील.’ करतील. साधा टायर तासून, नक्षी कमी करून आणतील. महागडे डॅम्पर घेतील. जास्त पेट्रोल जाळून जास्त सराव करतील. पैसा पाण्यासारखा असतो, फट शोधतो. म्हणून नक्षीची खोली मोजा, तासलेला टायर बाद करा. पण फट सापडेल म्हणून बांधच घालायचा नाही, हे कुठलं शहाणपण? आपल्या वहीतला सगळ्यात नियमित मरणारा खर्च टायरचा आहे. तो बांधला तर गरीब संघाला किमान सराव तरी करता येईल.

‘रेसिंग श्रीमंतांचाच खेळ आहे, काय करणार?’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण ते म्हणणारे बहुतेक वेळा श्रीमंत नसतात. भारताचे एफ१ ड्रायव्हर आजवर दोनच: नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक. दोघंही तमिळनाडूचे. ट्रॅक कुठे आहेत? चेन्नईजवळ आणि कोईम्बतूरला. मराठी मुलखात बघायचं तर मुंबईचा जेहान दारूवाला एफ२ पर्यंत गेला, कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत. मुंबईत पैसा आहे. कोल्हापुरात वर्कशॉपची परंपरा आणि कार्टिंगचा ट्रॅक आहे. टॅलेंट काही विशिष्ट पिनकोडवर उगवत नाही. ते ट्रॅकच्या आणि पैशाच्या जवळ दिसतं, एवढंच. बुलढाण्याहून कोईम्बतूर असो वा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, दोन्ही हजार किलोमीटरच्या पुढे. ते अंतर नियमानं कमी होणार नाही. टायरचा खर्च होईल.

आणि शेवटचा, घरातून येणारा आक्षेप. ‘आपल्या जिल्ह्यात शेतकरी जीव देतायत आणि तुला रेसिंग सुचतंय?’ बुलढाणा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. सोयाबीन आणि कपाशीच्या भावावर इथली घरं हलतात. माझंही. पण म्हणून इथल्या पोरानं यंत्रावर प्रेम करू नये, हा नियम कुणी केला? ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडून शिकलेल्या पोराला सस्पेन्शन पुण्याच्या पोरापेक्षा कमी कळत नाही. त्यानं गाडी बनवली म्हणून कुणाचं पीक बुडत नाही. उलट, या स्पर्धेत काम केलेलं पोर ऑटो कंपन्यांच्या मुलाखतीत वेगळं दिसतं, आणि त्याच्या घरचा एक पगार शेतीबाहेरून येतो. म्हणूनच दार बंद होण्याची किंमत इथे जास्त आहे. मोठ्या शहरातल्या कॉलेजला ही स्पर्धा हुकली तर त्यांच्याकडे दहा गोष्टी आहेत. आमच्याकडे हीच.

काय हवंय

मागण्या पाच आहेत. एक, विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत कोरड्या ट्रॅकसाठी स्लिक बंद. ठरलेल्या मापाचा, बाजारात विकला जाणारा नक्षीदार टायर सक्तीचा. दोन, स्पर्धेला जास्तीत जास्त दोन संच. तपासणीच्या वेळी प्रत्येक टायरवर खूण. तीन, नक्षीची किमान खोली, तासलेला टायर बाद. चार, त्या टायरचा चाचणी डेटा सगळ्यांना खुला. पाच, खर्चाच्या परीक्षेत गाडीच्या किमतीबरोबर वर्षभर गाडी पळवायचा खर्चही मागा आणि निकालाशेजारी तो छापा. पहिल्या आलेल्या संघानं किती खर्च केला आणि विसाव्या आलेल्यानं किती, हे एकदा शेजारी-शेजारी दिसू द्या. बाकी वाद आपोआप होईल.

नियम एका वर्षात बदलत नाहीत हे मला कळतं. संघांनी चाकं घेतलेली असतात, गाड्या आखलेल्या असतात. दोन वर्षांची मुदत द्या. सुरुवातीला साध्या टायरवाल्यांसाठी वेगळं बक्षीस ठेवा. पण सुरुवात करा.

आणि हे वाचणाऱ्या, सध्या कुठल्या तरी संघात असलेल्या पोरापोरींना. नियम बदलेपर्यंत थांबू नका. आयोजक दरवर्षी नियमांबद्दल प्रश्न घेतात. त्यात टायरचा प्रश्न विचारा, कॉलेजच्या नावानिशी विचारा. दहा कॉलेजांनी विचारला तर उत्तर द्यावं लागतं. तुमच्या संघाचा वर्षाचा हिशेब स्वतःहून जाहीर करा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. तुमच्यातलं जे कॉलेज आधीच साध्या टायरवर पळतंय त्यानं तसं सांगायला लाजू नये. नक्षीदार टायर लावलेली गाडी पाहून कुणी हसलं, तर त्याला त्याच्या चार टायरची किंमत विचारा, आणि मग विचारा की ती किंमत गाडीच्या हिशेबात कुठल्या पानावर आहे.